एक मिनिट!

आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "पाने वाढली आहेत, चल!" आणि माडीवरून उत्तर येते, "एक मिनिट!" दारात पोस्टमन उभा राहतो, आतून आवाज येतो, "एक मिनिट!" छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर सणासुदीच्या दिवसांत कापडाच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. दुकानदार कापड मोजता मोजता मान वर करतो आणि नव्या गिऱ्हाइकाला म्हणतो, "एक मिनिट!" स्टेशनकडे निघालेला प्रवासी रिक्षावाल्याला विचारतो, "किती वेळ लागेल?" रिक्षावाला हसून म्हणतो, "बसा तर खरे, पाच मिनिटांत पोहोचवतो!"

मिनिट म्हणजे साठ सेकंद, हे शाळेतील लहान मूलही सांगेल. परंतु वरच्या चारही उत्तरांत साठ सेकंदांचा काही संबंध आहे काय? माडीवरच्या मुलाला म्हणायचे असते, "तुझी हाक ऐकली, पण माझे काम संपलेले नाही." पोस्टमनला मिळालेल्या उत्तराचा अर्थ "थांबा", एवढाच. दुकानदार सुचवतो, "मी तुम्हांला पाहिले आहे, दुसऱ्या दुकानात जाऊ नका." आणि रिक्षावाल्याची पाच मिनिटे म्हणजे "काळजी करू नका," असा दिलासा असतो. कधी कधी हा शब्द अंतरही मोजतो. "शाळा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे," असे मुले म्हणतात, तेव्हा दहा मिनिटे ही मैलाची किंवा किलोमीटरची जागा घेतात. थांबवणे, टाळणे, धीर देणे, अंतर सांगणे, इतकी कामे हा एकटा शब्द करतो. त्याचे मूळचे काम, म्हणजे काळ मोजणे, तेवढे पुष्कळदा मागे राहते.

ते मागे राहिले म्हणजे काय होते, हे या शहरातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या मुलाला एकदा चांगलेच कळून आले. औरंगपुऱ्याच्या बाजूला त्याचे घर होते. वय बारा वर्षांचे. अभ्यासात बरा, खेळात पुढे आणि "एक मिनिट" म्हणण्यात सर्वांच्या पुढे.

डिसेंबर महिन्यातील चोविसावी तारीख होती. सकाळची शाळा आटोपून मुलगा घरी आला, जेवला आणि चेंडू-बॅट घेऊन गल्लीत पळाला. घरात आजी एकटीच होती. वाड्याच्या उत्तरेकडच्या ओसरीवर थंडीच्या दिवसांत दुपारी सुरेख ऊन येई. त्या उन्हात बसून आजी एक दुपटे शिवत होती. मुलाची आत्या पैठणला दिलेली. तिच्या बाळाचे बारसे दुसऱ्याच दिवशी होते. आजीला प्रवास सोसत नव्हता. म्हणून शेजारच्या काकू दुपारी चारच्या एस. टी.ने पैठणला जाणार होत्या, त्यांच्याबरोबर दुपटे पाठवायचे असे ठरले होते. आजीच्या जुन्या मऊ लुगड्यांचे ते दुपटे होते. तीन कडा शिवून झाल्या होत्या. चौथी तेवढी उरली होती.

दोन वाजता आजीचा दोरा संपला. टाके घालण्याइतकी नजर आजीला होती; पण सुईच्या नेढ्यात दोरा ओवणे आता तिला जमत नसे. तिने खिडकीतून हाक मारली, "बाळ, एवढा दोरा ओवून दे रे!"

गल्लीतून उत्तर आले, "एक मिनिट, आजी! ही ओव्हर झाली की आलोच!"

आजी सुई हातात धरून बसली. ती ओव्हर संपली. मग दुसरी सुरू झाली. नंतर फलंदाजीची पाळी त्याचीच आली. आजीने पुन्हा हाक मारली. पुन्हा तेच उत्तर आले. अखेर सव्वातीन वाजता मुलगा धापा टाकत ओसरीवर आला आणि म्हणाला, "दे, आजी, कुठे आहे सुई?"

ऊन ओसरीवरून उतरून समोरच्या भिंतीवर गेले होते. आजीने दुपट्याची घडी घातली होती. सावलीत तिला टाके दिसत नसत, आणि काकू पिशवी घेऊन निघण्याच्या तयारीत होत्या. चौथी कड उघडी ठेवून पहिलेच दुपटे बाळाला पाठवणे तिच्या मनाला पटेना. तिने ते पेटीत ठेवून दिले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "तुझं एक मिनिट किती घटकांचं असतं रे, बाळ?"

मुलाला उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे त्याला प्रश्नच नीट समजला नव्हता. घटका म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "चुलीवर भात शिजायला लागते तेवढी." घड्याळाच्या भाषेत तिला ते सांगता येईना. रात्री मुलाने वडिलांना विचारले, आणि वडिलांनी त्याला आपल्या पूर्वजांचे कालमापन समजावून सांगितले.

आपल्याकडे पूर्वी एका दिवसरात्रीचे साठ भाग करीत. त्यांतील एक भाग म्हणजे घटका. घटकेचे साठ भाग केले म्हणजे एक पळ होई आणि पळाचे साठ भाग केले म्हणजे एक विपळ. दिवसरात्रीची मिनिटे १,४४०. त्यांना साठाने भागले की घटकेची २४ मिनिटे होतात. याच हिशेबाने पळ म्हणजे २४ सेकंद. घटका मोजण्यासाठी तांब्याची एक लहान वाटी वापरीत. तिच्या तळाला बारीक छिद्र असे. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात ही वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, असे समजत. हे घटिकापात्र लग्नात मुहूर्त साधण्यासाठी मांडीत असत. ते दिसेनासे झाले, तरी भाषेतून गेलेले नाही. "घटकाभर बसा," असे आपण पाहुण्याला म्हणतो. एखाद्याचा अंत जवळ आला की "त्याची घटका भरली," असे म्हणतात. तेव्हा म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसली, तरी शब्दांत ती भरत आलेली वाटी असतेच. 'घड्याळ' या शब्दातही घटकाच लपलेली आहे. 'तास' हा शब्दही असाच आहे. ज्या धातूच्या थाळीवर टोला देऊन वेळ जाहीर करीत, तिला तास म्हणत. पुढे तेच नाव काळालाही मिळाले.

मुलाने बोटांवर हिशेब केला. दोन वाजल्यापासून सव्वातीनपर्यंत ७५ मिनिटे. त्यांत २४ किती वेळा जातात? तीन वेळा, आणि वर तीन मिनिटे उरतात. त्याचे एक मिनिट तीन घटकांहूनही मोठे झाले होते! आजीचा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याला अगदी नेमके उत्तर होते आणि ते उत्तर काही अभिमानाने सांगण्यासारखे नव्हते.

मिनिट या शब्दाची जन्मकथाही वडिलांनी त्याला सांगितली. लॅटिन भाषेत 'मिनूटा' म्हणजे बारीक, लहान केलेली. प्राचीन बाबिलोनचे लोक साठाच्या पटीत गणित करीत. साठ ही संख्या मोठी सोयीची आहे. तिला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० या सर्वांनी पूर्ण भाग जातो. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील ज्योतिर्विद टॉलेमी याने वर्तुळाच्या अंशाचे असेच साठ-साठ भाग केले. लॅटिन पंडितांनी या भागांना नावे दिली. साठाने एकदा भागून मिळालेला तो 'पहिला बारीक भाग' आणि पुन्हा साठाने भागून मिळालेला तो 'दुसरा बारीक भाग'. पहिल्यातील 'बारीक' हा शब्द उरला आणि त्याचे मिनिट झाले. दुसऱ्यातील 'दुसरा' हा शब्द उरला आणि त्याचा सेकंद झाला. शर्यतीत दुसरा आलेला आणि घड्याळातील सेकंद यांना इंग्रजीत एकच शब्द का आहे, याचे कोडे यावरून उलगडते. सभेत झालेल्या कामकाजाची जी टिपणे ठेवतात, त्यांनाही इंग्रजीत हेच नाव आहे. मराठीत त्यास आपण इतिवृत्त म्हणतो.

एवढे जुने नाव असूनही मिनिट सामान्य माणसाच्या हाती मात्र फार उशिरा आले. युरोपातील जुन्या घड्याळांना पुष्कळदा एकच काटा असे, तो तासाचा. ती घड्याळे इतकी मागेपुढे होत, की मिनिटे दाखवून उपयोगच नव्हता. १६५६ मध्ये हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिश्चन हायगेन्झ याने लंबकाचे घड्याळ घडवले. त्यामुळे घड्याळाच्या चालीत नेमकेपणा आला आणि त्यानंतर मिनिटकाटा सर्वत्र दिसू लागला.

आपल्याकडे घटका आणि पळ असताना हा परका शब्द का रुजला? कारण बरोबर साठ सेकंदांना आपल्या रोजच्या बोलण्यात नाव नव्हते. पळ त्याहून लहान, घटका त्याहून फार मोठी. गाड्या, शाळा आणि कचेऱ्या घड्याळाबरहुकूम चालू लागल्या, तेव्हा मिनिटाची गरज भासली. शब्द आला आणि मराठीने त्याला घरचे करून घेतले. त्याला नपुंसकलिंग दिले, त्याचे अनेकवचन 'मिनिटे' केले, 'क्षणभर' या शब्दाच्या शेजारी 'मिनिटभर' आणि 'क्षणोक्षणी'च्या शेजारी 'मिनिटामिनिटाला' हे शब्द नेऊन बसवले. पाहुणा असा घरात मिसळून गेला.

दुसरा दिवस नाताळचा, म्हणजे सुट्टीचा होता. मुलाने सकाळीच सुईत दोरा ओवून दिला होता. आजी ओसरीवर बसून राहिलेली कड शिवत होती. पण तिकडे पैठणला बारसे त्या दुपट्यावाचूनच होणार होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झालेली पाहून मुलगा म्हणाला, "आजी, बारा वाजून गेले." आजीने मान वर करून पाहिले आणि ती म्हणाली, "छे! खांबाची सावली उंबरठ्याच्या मधोमध कुठे आली आहे? बारा व्हायला अवकाश आहे अजून."

मुलाला हसू आले. आजीचे ऊन मागे पडलेले दिसते, असे त्याच्या मनात आले. परंतु कालच्या प्रसंगाने तो थोडा सावध झाला होता. त्याने अंगणात एक सरळ काठी रोवली आणि तिच्या सावलीच्या टोकाशी तो दर पाच मिनिटांनी खडूने खूण करू लागला. सावली आखूड आखूड होत गेली. ती सर्वांत आखूड झाली, तेव्हा घड्याळात जवळजवळ साडेबारा झाले होते. त्याच सुमारास ओसरीच्या खांबाची सावलीही उंबरठ्याच्या बरोबर मध्यावर आली होती. सूर्य माथ्याच्या रेषेवर येण्याला मध्यान्ह म्हणायचे असेल, तर आजीचे बारा खरे होते. मग घड्याळ चुकले होते काय?

सुट्टी संपल्यावर मुलाने हे कोडे भूगोलाच्या गुरुजींपुढे ठेवले. गुरुजींनी नकाशा उघडला आणि म्हणाले, "आपले शहर कोठे आहे ते वाच पाहू." मुलाने वाचले, "सुमारे १९ अंश ५३ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश २० मिनिटे पूर्व रेखांश." वाचता वाचता तो थबकला. येथेही मिनिटे! गुरुजी म्हणाले, "होय. अंशाच्या साठाव्या भागालाही मिनिटच म्हणतात. आपले ज्योतिषी त्याला 'कला' म्हणत. काळाचे मिनिट आणि कोनाचे मिनिट ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत. आता त्यांची गाठ कशी पडते ते पाहा."

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे या रेखावृत्तावरून ठरवलेली आहे. आपले शहर त्याच्या पश्चिमेला ७ अंश १० मिनिटे आहे. तेवढे फिरायला पृथ्वीला २८ मिनिटे ४० सेकंद लागतात. म्हणून येथे सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबाराला एक-दीड मिनिट कमी असते. वर्षभर ही वेळ थोडी सरकत राहते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सुमारे बारा वाजून बारा मिनिटांपर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांपर्यंत पलीकडे जाते. नाताळच्या सुमारास मात्र ती जवळजवळ सरासरीइतकीच असते.

गुरुजी म्हणाले, "पूर्वी गावोगावी आपापल्या सूर्याचीच वेळ असे. पण आगगाड्या धावू लागल्यावर गावागणिक वेगळी वेळ कशी चालेल? म्हणून १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. तेथील लोकांना ती इतकी प्रिय होती, की शहरात काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. तेव्हा तुझी आजीही चुकली नाही आणि घड्याळही चुकले नाही. आजी आपल्या अंगणाची वेळ सांगत होती; घड्याळ साऱ्या देशाची सांगत होते. आपली एकट्याची अठ्ठावीस मिनिटे बाजूला ठेवून सर्वांनी एक वेळ मानली, म्हणूनच कोणाला कोणाची वाट पाहत ताटकळावे लागत नाही."

हे शेवटचे वाक्य गुरुजी सहज बोलून गेले. पण मुलाला ओसरीवर सुई धरून बसलेली आजी आठवली.

त्याच तासाला गुरुजींनी एक जुनी दंतकथाही सांगितली. कन्नडचा घाट उतरून खाली गेले की चाळीसगावचा प्रदेश लागतो. तेथे पाटण या गावी एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. हे चांगदेव देवगिरीच्या यादव राजाच्या पदरी ज्योतिषी होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केले आणि ही कथा त्यात आली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाला एकच शुभ घटका होती, म्हणून पित्याने घटिकापात्र मांडले. कुतूहलाने लीलावती त्यात वाकून पाहू लागली, तोच तिच्या अंगावरील एक मोती निसटून वाटीत पडला आणि छिद्रावर बसला. पाणी आत येईना. वाटी तरंगतच राहिली. सर्वजण वाट पाहत बसले. आणि ती बुडत का नाही हे लक्षात येईपर्यंत मुहूर्त टळून गेला होता.

"कथा खरी असो वा नसो," गुरुजी म्हणाले, "वाटी थांबली, म्हणून काळ थांबला नाही, एवढे तिच्यातून ध्यानात ठेवा."

मुलगा त्या दिवशी घरी जाताना स्वतःशीच विचार करीत होता. त्याच्या "एक मिनिट" या शब्दांनीही आजीच्या वाटीत असाच मोती पडला होता. तो गल्लीत खेळत होता, तोवर त्याच्यापुरता काळ जणू थांबला होता. पण ओसरीवरचे ऊन सरकतच होते. त्याचा वेळ खेळात गेला. आजीचा वेळ वाट पाहण्यात गेला. घड्याळाने दोघांचीही पंचाहत्तर मिनिटे सारखीच मोजली होती. पण खेळणाऱ्याची मिनिटे उडून जातात आणि थांबणाऱ्याची सरता सरत नाहीत.

त्या संध्याकाळी त्याने एक गंमत केली. घड्याळासमोर बसून त्याने एक पूर्ण मिनिट नुसते पाहिले. सेकंदकाटा एक फेरी पुरी करीपर्यंत त्याला वाटले त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. तेवढ्यात त्याने वीस-एक श्वास घेतले. तेवढ्यात सुईत दोरा ओवून झाला असता, पाण्याचा तांब्या भरून देता आला असता, पोस्टमनच्या हातून पत्र घेऊन त्याला दोन गोड शब्द बोलता आले असते. मिनिट हा बारीक भाग खरा. पण तो इतकाही बारीक नाही, की त्यात दुसऱ्याचे एखादे काम मावू नये.

संक्रांतीच्या सुमारास मुलगा वडिलांबरोबर पैठणला गेला. दुपटे त्याने स्वतःच्या हाताने नेले. त्याच्या चारही कडा शिवलेल्या होत्या. आत्याने बाळाला त्यात गुंडाळले आणि ती म्हणाली, "बारशाला आले असते तर किती बरे झाले असते!" मुलगा काही बोलला नाही.

परत आल्यावर तो गल्लीत खेळत असता खिडकीतून हाक आली, "बाळ, जरा इकडे ये रे!" सवयीने त्याच्या ओठांवर तेच दोन शब्द आले. ते त्याने उच्चारले, बॅट दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो धावत सुटला. ओसरीवर पोहोचला, तेव्हा आजी हसून म्हणाली, "आज तुझं मिनिट एका पळाचंच निघालं की रे!"